सलूनवाल्याचं मत

गावात सलूनं आणखीही होती. पण केस कापून घेता घेता ज्याला चार गोष्टी कोणाला तरी ऐकवायच्या असत, तो या सलूनवाल्याकडेच यायचा. हा माणूस सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "बरोबर आहे तुमचं." सकाळी एक जण येऊन सांगायचा की शाळेची वेळ बदलली ते फार चांगलं झालं, बरोबर. दुपारी दुसरा येऊन सांगायचा की वेळ बदलणाऱ्यांना फोडून काढलं पाहिजे; तेही बरोबर. लोक पाठीमागे त्याला होयबा म्हणत. ते त्याच्या बायकोच्या कानावर आलं आणि ती चिडली, तेव्हा तो म्हणाला, "त्यांचंही बरोबर आहे."

यात लबाडी नव्हती, धंद्याची शिस्त होती. खुर्चीतल्या डोक्याशी वाद घालायचा नाही. वाद घातला की माणूस तावातावाने मान हलवतो, आणि त्या वेळी आपल्या हातात वस्तरा असतो. हे शहाणपण त्याला वडिलांमुळे आलं होतं, पण वडिलांनी शिकवलं म्हणून नव्हे. दुकान मुळात वडिलांचं. हात असा की गिऱ्हाइकाला डुलकी लागावी, आणि तोंड असं की लागलेली डुलकी उडावी. एकदा एका गृहस्थांची अर्धी दाढी झालेली असताना, धाकट्या भावाला वेगळं काढावं की नाही यावरून दोघांची जुंपली. वडिलांनी एक घाव दोन तुकडे केल्यासारखं स्वतःचं मत सांगून टाकलं. ते गृहस्थ उठले आणि एका गालावर फेस, गळ्यात दुकानाची चादर, अशा थाटात भर रस्त्याने घरी गेले. चादर दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी करून परत आली. गृहस्थ मात्र परत आले नाहीत, आणि त्यांचं अख्खं खानदानही आलं नाही.

मुलगा तेव्हा हाताखाली शिकत होता. त्याने कानाला खडा लावला. वडील त्यावरूनही त्याला झाडायचे. "तुला मत म्हणून काही आहे की नाही? की तेही संध्याकाळी केसांबरोबर झाडून टाकतोस?" मुलगा गप्प राहायचा आणि केस झाडायचा. काम मात्र त्याचं वडिलांच्या तोडीचं होत गेलं. वडिलांनी ते कधी कबूल केलं नाही. फारच झालं तर गिऱ्हाइकाच्या डोक्याभोवती एक चक्कर मारून म्हणायचे, "ठीक आहे." याच्यापुढे त्यांचं कौतुक कधी सरकलंच नाही.

आता तेही राहिलं नव्हतं. गेल्या काही वर्षांत वडिलांची स्मरणशक्ती विरत विरत गेली होती. घर दुकानाच्या मागेच. दुपारी जेवायला मुलगा मागच्या दाराने आत आला की वडील खाटेवरून सावरून बसत आणि अदबीने म्हणत, "या, या. बसा ना. मुलगा दुकानात गेलाय, येईलच इतक्यात." ज्या मुलाची वाट बघायची तोच म्हणायचा, "बरं, बसतो." आणि खरंच बसायचा. सून पानं वाढायला यायची तर तिला विचारत, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" ती म्हणायची, "तुमच्याकडचीच," आणि वर आमटी वाढायची.

दुकानात त्यांना येऊ देत नसत. एकदा मुलगा पाणी आणायला आत गेला तेवढ्यात वडील पुढे आले, कात्री उचलली आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचे केस कापू लागले. हात अजून सराईत होता. पण मधेच आपण काय करतोय ते विसरले आणि त्या माणसाचा कान थोडक्यात वाचला. तेव्हापासून घर आणि दुकान यांच्यामधल्या दाराला दुकानाच्या बाजूने कडी लागली. कडी लागली की वडील थोडा वेळ दार हलवून बघायचे. कडीच्या या बाजूला उभं राहून ते ऐकणं मुलाला जड जायचं.

गावाला लागूनच राखीव क्षेत्र होतं. मधे मोठं तळं, भोवती झाडी. तळ्याचा अलीकडचा काठ सगळ्यांना मोकळा होता. तिथे बाकं होती, पायवाट होती, नाववाल्यांच्या नावा होत्या, आणि सुट्टीच्या दिवशी इतकी माणसं होती की बाकं मोकळी सापडायची नाहीत. पलीकडचा काठ कुंपणाच्या आत होता. बाहेरच्यांना तिथे मज्जाव. गावातल्यांना मात्र जुन्या वहिवाटीने पायी जाता यायचं. कुंपणाला एक लहानसं लाकडी फाटक होतं, ते ढकललं की उघडायचं. फारसं कोणी जात नसे. जवळच आहे, कधीही जाता येईल, या भरवशावर गावातल्या माणसांनी आयुष्यं काढली होती.

सलूनवाला मात्र दर सुट्टीला वडिलांना घेऊन जायचा. सुट्टी कोणत्या वारी असते ते वडिलांना आठवत नसे, पण सकाळी दुकानाचं शटर वर गेल्याचा खडखडाट ऐकू आला नाही की ते आपले आपण टोपी घालून, काठी घेऊन दारात उभे राहत. फाटकातून आत गेल्यावर थोड्या अंतरावर पाण्याच्या कडेला एक पडलेला ओंडका होता. त्यावर दोघं बसायचे. समोर लव्हाळ्यांचं दाट रान, त्यात पाणपक्षी. वडील काही वेळ नुसते बघत बसायचे. मग हातातली काठी मांडीवर आडवी ठेवून दोन्ही हातांनी एक सणसणीत टाळी वाजवायचे.

लव्हाळ्यातून सगळा थवा एकदम उठायचा. फडफडाटाने कान भरून जायचे. वडील लहान मुलासारखे हसायचे, शेजारच्या माणसाचा दंड धरायचे आणि म्हणायचे, "चिमण्या, बघ, बघ!"

चिमण्या हे मुलाचं लहानपणचं नाव. त्या नावाने हाक मारणारं आता जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं. थवा आभाळात फिरत असेपर्यंत तो चिमण्या असायचा. वडील त्याला अरेतुरे करायचे, दुकान कसं चाललंय ते विचारायचे, एखादी शिवीही हासडायचे. पक्षी पुन्हा पाण्यावर उतरले की हळूहळू सगळं विझायचं, आणि परतीच्या वाटेवर ते म्हणायचे, "तुम्हाला उगाच त्रास. मुलगा आला असता, पण त्याला दुकान असतं." त्या थोड्या वेळावर सलूनवाल्याचा पुढचा आठवडा निघायचा. हे त्याने बायकोशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं.

अशात राखीव क्षेत्राच्या कचेरीने जाहीर केलं की पलीकडच्या काठाचं काय करायचं ते ठरवायचं आहे, आणि त्याआधी गावातल्या लोकांचं म्हणणं ऐकायचं आहे. झालं! पलीकडचा काठ ज्यांनी जन्मात पाहिला नव्हता, त्यांनाही त्याबद्दल मत फुटलं. आणि मत फुटलेला जो तो केस वाढले नसतानाही सलूनमध्ये येऊन बसू लागला.

पहिला आला तो नाववाला. हा सलूनवाल्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. "दाजी, मला सांगा, नाव पलीकडे लागली तर बिघडलं कुठं? मी काय इंजीन लावतोय? वल्ही मारत नेणार, माणसं उतरवणार, फोटो काढू देणार, परत आणणार. एवढं सुंदर ठिकाण काय झाकून ठेवायचंय?"

"बरोबर आहे."

मग दातांचे डॉक्टर. त्यांना तळ्याभोवती सायकलची वाट हवी होती. डॉक्टरांचा जन्म दुसऱ्यांच्या उघड्या तोंडात बघण्यात गेलेला, त्यामुळे समोरचा उलट काही बोलेल याची त्यांना सवयच नव्हती. "माणसं हलली पाहिजेत हो! गावातली पोटं बघा एकेकाची." सलूनवाल्याने स्वतःचं पोट जरा आत ओढलं आणि म्हणाला, "बरोबर आहे डॉक्टर."

आणि मग सर. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. गळ्यात कायम दुर्बीण; ती काढून खुंटीला अडकवल्याशिवाय त्यांच्या गळ्यात चादर बांधता यायची नाही. सरांचं म्हणणं एकच, काठ बंद करा. सगळ्यांना, गावातल्यांनाही. "पक्षी तिथं अंडी घालतात. आवाज झाला की उठतात. आपल्याला वाटतं, काय सुरेख दिसतो थवा! पण तेवढ्या वेळात घरटं उघडं पडतं, आणि कावळा टपूनच बसलेला असतो. माणूस म्हणतो, मी फक्त बघायला गेलो होतो."

सलूनवाल्याची कात्री क्षणभर थांबली. मग तो म्हणाला, "बरोबर आहे सर." या वेळी त्याला ते म्हणणं नेहमीइतकं सोपं गेलं नाही.

पुढच्या सुट्टीला वडिलांनी टाळी वाजवली, थवा उठला, "चिमण्या, बघ" झालं. सलूनवाला पहिल्यांदाच वर न बघता खाली लव्हाळ्याकडे बघत राहिला. एक कावळा झाडावरून सरळ खाली आला, लव्हाळ्यात शिरला आणि चोचीत काहीतरी घेऊन उडाला. दंडावर वडिलांचा हात होता. वडील विचारत होते, "दुकान कसं चाललंय रे?" तो म्हणाला, "चांगलं चाललंय."

त्याच्या पुढच्या सुट्टीला त्याने एक प्रयोग केला. वडिलांचे हात उठले तसे ते त्याने हळूच स्वतःच्या हातात धरले. वडील दचकले. हात सोडवून घेत म्हणाले, "अहो, हे काय? सोडा ना." मग ते त्याच्यापासून जरा सरकून बसले आणि तिथून उठेपर्यंत त्याला पाहुणाच समजत राहिले. म्हणजे टाळी नाही तर चिमण्या नाही. माणूस कात्रीत सापडतो म्हणतात, तो असा. ज्याचा जन्म कात्री चालवण्यात गेला त्यालाही त्यातून सुटता येत नव्हतं.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. बायको वडिलांजवळ घरी थांबली. सलूनवाला गेला आणि मागच्या रांगेत बसला. तिथून त्याला माणसांचे चेहरे दिसत नव्हते, माना दिसत होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक त्याच्याच हातच्या होत्या. समोर राखीवच्या अधिकारी बाई. वयाने तरुण, केस आखूड कापलेले आणि डाव्या बाजूला जरा जास्तच. ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

एकेक जण उठून बोलू लागला. कोणाला माणसं नकोत पण गुरं चालतील, कोणाला सायकल चालेल पण नाव नको, कोणाला बाहेरगावच्यांचा कचरा नको, पण स्वतःच्या घरी आलेले बाहेरगावचे पाहुणे नेऊन दाखवायची मुभा हवी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! प्रत्येकाचं स्वतःचं जाणं म्हणजे फेरफटका, आणि दुसऱ्याचं जाणं म्हणजे गर्दी. बाई शांतपणे लिहून घेत होत्या.

नाववाला उठला. स्वतःचं सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "आणि हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. आमचे दाजी अख्ख्या गावाचे केस कापतात, त्यांना गावाची नाडी ठाऊक आहे. तेही माझ्याच बाजूचे आहेत. विचारा त्यांना!"

"एक मिनिट," दातांचे डॉक्टर म्हणाले. "ते सायकलच्या वाटेच्या बाजूचे आहेत. माझ्यासमोर म्हणालेत."

सरांनी चष्मा काढला. "काहीतरी गैरसमज होतोय. ते संपूर्ण बंदीच्या बाजूचे आहेत. माझं त्यांच्याशी सविस्तर बोलणं झालंय." बोलणं सविस्तर झालं होतं हे खरंच. त्यातला सलूनवाल्याचा वाटा तेवढा दोन शब्दांचा होता.

सगळ्या माना एकदम मागे वळल्या. सलूनवाल्याला घाम फुटला. बिनपाण्याने हजामत होते ती कशी, हे त्याला त्या दिवशी कळलं. अधिकारी बाई म्हणाल्या, "ते स्वतःच आलेले दिसतायत. उठा ना. तुमचं मत काय?"

तो उठला. समोर इतकी डोकी, आणि एकही हातात नाही. हातांचं काय करावं ते त्याला सुचेना. त्याने ते पाठीमागे बांधले.

"मला विचाराल तर," तो म्हणाला. हे शब्द त्याने उभ्या आयुष्यात वापरले नसतील. "मला विचाराल तर तिथं कोणीच जाऊ नये."

सरांनी समाधानाने मान डोलावली.

"मी आणि माझे वडील सोडून."

सभागृहात हशा पिकला. नाववाला तर शेजाऱ्याच्या पाठीत थाप मारून हसला. "वा दाजी! मग आमचं काय चुकलं? आम्हालाही तेच हवंय!" त्यावर आणखी हशा झाला, पण तो लवकर ओसरला. नाववाला जे बोलून गेला ते खरं होतं. तासाभरात जो जो उठला त्याने तेच सांगितलं होतं, फक्त ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं सोडून का?"

मग त्याने सांगितलं. शटरचा आवाज, ओंडका, टाळी, थवा. चिमण्या हे नाव सांगताना त्याला लाज वाटली, पण तेही सांगितलं. "घरी मी त्यांच्या लेखी पाहुणा असतो. तिथं तेवढ्यापुरता मुलगा असतो." आणि मग, थांबला असता तर चाललं असतं, तरी तो थांबला नाही. कावळ्याचं सांगितलं. "सर म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलंय. टाळी आमचीच होती."

मग सगळ्यात आधी उठले ते सरच. डोळे पुसून, घसा खाकरून म्हणाले, "बाई, बंदी करायचीच. पण यांच्या वडिलांना तेवढी सवलत द्यावी असं मी सुचवतो. शेवटी माणुसकी म्हणून काही आहे."

"द्या, द्या," नाववाला म्हणाला.

"माझी काही हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. पलीकडच्या काठावरून या तिघांचं एकमत झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. सगळं सभागृहच माना डोलवू लागलं. बाईंनी लिहिता लिहिता वर बघितलं. "विशेष बाब म्हणून करता येईल. चालेल तुम्हाला?"

त्याने नुसतं "बरोबर आहे" म्हणायचं होतं. जन्मभर घोकलेले दोन शब्द, जिभेच्या टोकावर तयार. त्याला ओंडका दिसला, दंडावरचा हात जाणवला. म्हणावं, असं त्याला मनापासून वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "सर, चुकतंय तुमचं."

सरांचं तोंड उघडंच राहिलं. डॉक्टरांनी सवयीने त्यात डोकावून बघितलं.

"माझ्या बाबांना सोडलंत, तर उद्या कोणाच्या आईला सोडावं लागेल. मग कोणाच्या आजारी मुलाला. कोणीतरी असं प्रत्येकाच्या घरात असतंच. आणि टाळी कोणाच्या बाबांनी वाजवली ते कावळा काही विचारत नाही." एवढं बोलून तो बसला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. "धन्य आहे तुमची. जन्मात एकदा तोंड उघडलंत, आणि तेही स्वतःच्याच विरोधात!"

"बरोबर आहे तुझं."

"माझ्याशी तरी बरोबर म्हणू नका हो," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. वडील खाटेवरून काळजीने बघत होते. "अहो पाहुणे," त्यांनी हळूच विचारलं, "बाई का रडतायत?"

निर्णय काही दिवसांनी आला. पक्षी अंडी घालतात ते सगळे महिने पलीकडचा काठ सर्वांना बंद. बाकीच्या दिवसांचं नंतर बघू. कोणालाही सवलत नाही. पहिल्या सुट्टीला शटर वाजलं नाही आणि वडील टोपी घालून दारात उभे राहिले. नाही म्हणायला सलूनवाल्याची जीभ उचलेना. दोघं फाटकापर्यंत चालत गेले. फाटकाला नवं कोरं कुलूप होतं. वडिलांनी ते दोन्ही हातांनी हलवून बघितलं, घरचं दार हलवत तसंच.

"हे कोणी लावलं हो?"

"मीच लावायला सांगितलं."

वडिलांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "मूर्ख आहात," ते म्हणाले. एवढं सरळ मत त्यांनी बऱ्याच दिवसांत दिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर ते फुरंगटून पुढे पुढे चालत होते. काठी आपटत होते. घर आलं तसे ते मागे घराच्या दाराकडे वळले, आणि सलूनवाल्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने त्यांचा हात धरून त्यांना पुढच्या बाजूला नेलं. शटर अर्धं वर केलं, दोघं वाकून आत शिरले आणि त्याने ते पुन्हा खाली ओढलं. आज दुकानात कोणी नव्हतं, त्यामुळे कोणाच्या कानाला धोका नव्हता. एरवी तो वडिलांचे केस मागच्या अंगणात स्टुलावर बसवून घाईघाईने कापायचा. आज त्याने त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांच्याच खुर्चीत; कातडं दोनदा बदललं होतं, पण लोखंड तेच होतं.

वडिलांनी खुर्चीच्या हातांवरून हात फिरवले. आरशातल्या म्हाताऱ्याला मान लववून नमस्कार केला. सलूनवाल्याने चादर घेतली आणि नेहमीसारखी हवेत जोराने झटकली. बंद खोलीत केवढा तरी फडफडाट झाला. वडिलांनी एकदम मान वर केली आणि छताकडे बघितलं. सलूनवाला चादर हातात घेऊन तसाच उभा राहिला. वाट बघत राहिला. पण वडील काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मान खाली घेतली, आणि त्याने चादर त्यांच्या गळ्यात बांधली.

त्याने काम सुरू केलं. घाई नव्हती. आधी फणी, मग मानेवरची कात्री, मग कानामागे वस्तरा. वडिलांचे डोळे मिटले. डुलकी लागली असं वाटलं, पण ते हात पारखत होते.

"पोरा," मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "हात चांगला आहे तुझा."

वस्तरा थांबला.

"कोणाकडे शिकलास?"

"वडिलांकडे."

"हं. मग ते सांगत असतील सगळ्यांना, पोराचा हात चांगला आहे म्हणून."

"नाही," सलूनवाला म्हणाला. "ते 'ठीक आहे' म्हणायचे."

वडिलांनी डोळे उघडले. आरशातून त्याच्याकडे बघितलं. कोण आहे हे त्यांना कळलं नव्हतं, ते दिसतच होतं. त्यांनी नापसंतीने मान हलवली, आणि त्याने पटकन वस्तरा दूर घेतला.

"चुकलं बघ त्यांचं," ते म्हणाले. "एवढा हात असल्यावर सांगायला हवं होतं पोराला."

सलूनवाल्याने वस्तरा पुसला, पुन्हा एकदा पुसला. डाव्या हाताने वडिलांचं डोकं हलकेच सरळ धरलं. खुर्चीतल्या डोक्याशी वाद घालायचा नाही, हा त्याचा नियमच होता.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला, आणि दुसऱ्या कानाच्या बाजूला वळला.